बंद घरांची नोंद कोण ठेवणार? मूल्यमापनाचे पुरावे एकत्र करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांना खान्देशातून खुले पत्र

प्रति,
मूल्यमापन कार्यालयांचे प्रमुख,
युनिसेफ, यूएनडीपी (संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम), जागतिक बँक, आयफॅड (आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी) आणि या कामात सहभागी असलेल्या इतर सर्व संस्था

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा, धडगाव आणि तळोदा तालुक्यांत पोषण, बचतगट आणि पाण्याच्या योजनांच्या पाहण्या करणे हे माझे काम आहे. आपल्या अहवालांच्या शेवटी तक्त्यांत जे आकडे छापले जातात, त्यांतले काही माझ्यासारख्यांनी पाड्यापाड्यांवर फिरून भरलेले असतात. ते आकडे पुढे कुठे जातात, कोणत्या निष्कर्षात मिसळतात आणि त्यावरून कोण काय ठरवतो, याची मला काळजी वाटते. म्हणून हे पत्र.

गेल्या काही वर्षांत आपण एक चांगले काम हाती घेतले आहे. एकेका प्रकल्पाचा अहवाल कपाटात ठेवून देण्याऐवजी शेकडो अहवाल एकत्र वाचायचे आणि धोरण ठरवणाऱ्याला उपयोगी पडेल असा निष्कर्ष त्यांतून काढायचा. वैद्यकशास्त्रात ही शिस्त कॉक्रेन या संस्थेने १९९३ पासून रुजवली, सामाजिक विषयांत कॅम्पबेल कोलॅबोरेशनने २००० पासून, आणि विकासकामांच्या क्षेत्रात थ्रीआयई या संस्थेने २००८ पासून. यूएनडीपी आणि युनिसेफच्या मूल्यमापन कार्यालयांच्या पुढाकाराने शाश्वत विकास उद्दिष्टांसाठी जी आघाडी उभी राहिली, तिने लोक, पृथ्वी, समृद्धी, शांतता आणि भागीदारी असे पाच विषय करून हेच काम मोठ्या प्रमाणावर सुरू केले. ते व्हायलाच हवे. जिल्हा परिषदेचा मुख्य कार्यकारी अधिकारी असो की मंत्रालयातला सचिव, दीडशे अहवाल वाचत बसायला कोणाला वेळ आहे? एका गावाची यशोगाथा ऐकून राज्यभर योजना लावण्यापेक्षा दहा ठिकाणचा अनुभव बघून ठरवणे कधीही बरे.

माझे म्हणणे आहे ते एकत्र करताना काय गळून जाते त्याबद्दल.

सातपुड्यातल्या पाड्यांवर दिवाळी झाली की माणसे निघतात. कोणी दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्रात शेतीकामाला. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. कोयता घेऊन निघालेल्या जोडीबरोबर अंगावरचे मूल जाते, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीणही जाते. मागे राहतात म्हातारी माणसे, आणि ज्यांच्याकडे विहीर आहे अशी थोडी घरे. आता मूल्यमापनाचे वेळापत्रक बघा. करार पावसाळा संपता संपता होतो, प्रश्नावली हिवाळ्यात हातात पडते, आणि मार्चअखेर पैसे खर्ची पडायला हवेत म्हणून पाहणी जानेवारी-फेब्रुवारीत उरकायची असते. योजना ज्यांच्यासाठी आहे ती घरे नेमकी तेव्हाच बंद असतात.

आमच्या हातातल्या टॅबवर 'घर बंद' असा एक पर्याय असतो. तो दाबला की यादीतले पुढचे घर मिळते. कुडाच्या दाराला तार गुंडाळलेली, अंगणात चूल विझून महिना झालेला, असे घर सोडून आम्ही पुढे जातो. पुढचे घर उघडे असते, कारण त्या घराच्या शेतात पाणी आहे आणि हरभरा उभा आहे. तिथली आई नीट उत्तरे देते, तिचे लसीकरणाचे कार्ड जपून ठेवलेले असते, मुलाचे वजनही बरे भरते. नमुन्याची संख्या पूर्ण होते आणि अहवालात प्रतिसादाचे प्रमाण उत्तम दिसते. एका पाहणीच्या वेळी मी लेखी सुचवले होते की बदली घरे घेऊ नका, होळीच्या आठवड्यात परत या. भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला सातपुड्यातला माणूस कुठेही असला तरी घरी येतो. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीला रात्रभर डोंगरातून लोटणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे सांगावे लागणार नाही. पाहणी करवून घेणाऱ्या संस्थेचे उत्तर आले की मुदत वाढवता येणार नाही.

त्या अहवालात लिहिले गेले की आहाराचा लाभ बहुसंख्य मातांपर्यंत पोहोचतो. घरी असलेल्या मातांपुरते ते खरेच होते. पण असा अहवाल एकत्रीकरणात जातो तेव्हा ते वाक्य जाते, तक्ता जातो, श्रेणी जाते. बंद घरांची नोंद मागेच राहते. आणि हे काही फक्त धडगावात होत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआत, ओडिशातल्या बोलांगीरमध्ये, जिथून जिथून माणसे हंगामी कामाला बाहेर पडतात तिथे तिथे हेच होणार. एका पाहणीतली चूक वर, दुसरीतली खाली असेल तर शंभर पाहण्या एकत्र केल्यावर त्या एकमेकींना खाऊन टाकतील, हे संख्याशास्त्र मला मान्य आहे. इथे सगळ्या चुका एकाच बाजूला झुकलेल्या आहेत. जो सर्वांत गरीब, तोच प्रत्येक पाहणीत गैरहजर. अहवाल जितके जास्त एकत्र कराल तितका आपला आत्मविश्वास वाढेल, आणि चूक जागची हलणार नाही.

म्हणून माझी पहिली मागणी साधी आहे. प्रत्येक एकत्रित अहवालाच्या पहिल्या पानावर हे लिहिले जावे: माहिती कोणत्या महिन्यांत गोळा झाली, किती घरे बंद होती, त्यांच्या जागी कोणती घरे घेतली, आणि कोण मोजले गेले नाही. ज्या मूळ अहवालात ही माहितीच नसेल त्याचे वजन कमी धरा, आणि तसे उघड सांगा.

दुसरी गोष्ट सरासरीची. जंताच्या गोळीवरून जगभर किती वाद झाला ते आपण जाणताच. केनियातल्या बुसिया भागातला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळी दिलेल्या शाळांत मुलांची गैरहजेरी चांगलीच घटली, असे त्यात दिसले. पुढे कॉक्रेनने जगभरचे प्रयोग एकत्र केले, तर सरासरी परिणाम किरकोळ निघाला. बुसियात जवळपास सगळ्याच मुलांच्या पोटात जंत होते. जिथे जंत थोडे, तिथे गोळीने फरक थोडाच पडणार. धोरण ठरवणाऱ्यांच्या कानावर 'चालते' आणि 'चालत नाही' अशा दोन आरोळ्या आल्या. तुमच्या जिल्ह्यात जंतांचे प्रमाण किती ते आधी बघा, हे सांगणारा आवाज मात्र क्षीण होता. भारतात २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, अंगणवाड्यांत आणि शाळांत गोळी दिली जाते. त्या दिवशी अक्कलकुवा तालुक्यातल्या मोलगी परिसरातली कितीतरी मुले उसाच्या फडात असतात. राहिलेल्या मुलांसाठी नंतर एक दिवस ठेवलेला असतो, तोही आठवडाभरातच. मुले तोवर परतलेली नसतात.

पोषणाचेच दुसरे उदाहरण आपल्या दप्तरात आहे. तमिळनाडूत १९८० पासून जागतिक बँकेच्या मदतीने एकात्मिक पोषण कार्यक्रम चालला. मुलांची नियमित वजने, घसरणाऱ्या मुलाला पूरक आहार, आईला समुपदेशन. तो यशस्वी ठरला म्हणून १९९५ पासून बांगलादेशात त्याच धर्तीचा कार्यक्रम सुरू झाला, आणि तिथे अपेक्षेइतका गुण आला नाही. जागतिक बँकेच्याच मूल्यमापन विभागाने २००५ मध्ये त्याची कारणे शोधली. आईला जे शिकवले ते तिच्या हातात नव्हते. बाजार नवरा करतो, एकत्र कुटुंबात ताटात काय पडेल ते सासू ठरवते. समुपदेशन चुकीचे नव्हते, ते चुकीच्या माणसाला दिले जात होते. असे मूल्यमापन मला मनापासून आवडते, कारण त्यात 'किती' बरोबर 'का' आहे. आमच्याकडे याच कार्यक्रमाची तिसरीच अडचण होईल. भिल्ल-पावरा घरातली बाई स्वतः बाजार करते, पैशाचा व्यवहार तिच्या हातून होतो, सासूचा धाक त्या मानाने कमी. पण वर्षातले निम्मे महिने ती गावात नसते. तिला समुपदेशन हवे आहे ते फडावर, बारडोलीच्या बाजूला, जिथे ती महाराष्ट्राच्या अंगणवाडीच्या यादीत नाही आणि गुजरातच्याही नाही. तमिळनाडू, बांगलादेश आणि नंदुरबार यांची सरासरी काढून काय हाती लागणार?

इथल्या शेतकऱ्याला हे पटकन कळते. पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदड (हंगाम संपल्यावर त्याच झाडांवरून घेतलेला हलका कापूस) एकाच गाडीत भरून नेला, तर व्यापारी सगळ्या गाडीला फरदडीचा भाव लावतो, आणि पहिल्या वेचणीत काय होते ते कोणालाच कळत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर पॅटर्नबद्दल आपण कदाचित ऐकले असेल. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास नाले खोल आणि रुंद करून त्यांवर सिमेंट बंधाऱ्यांची साखळी उभी करण्याचे काम सुरू झाले. विहिरींना पाणी आले, दुबार पिके आली, लांबलांबून लोक बघायला आले. ही गोष्ट खरी आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण शिरपूरचा तालुका तापीच्या खोऱ्यात आहे. इथे नदीकाठी गाळाचे जाड थर आहेत, सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे, आणि दोन्हींच्या पोटात पाणी साठवायला जागा आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग मात्र बेसाल्टचा, थरावर थर रचलेला. त्यात एखादा थर पाणी मुरवतो, खालचा अजिबात मुरवत नाही. अशा ठिकाणी नाला बेसुमार खोल केला तर दोन गोष्टी होऊ शकतात. एकतर अभेद्य खडक उघडा पडतो आणि पाणी नुसते साठून वाफ होऊन जाते. नाहीतर पाणी धरून बसलेला थरच कापला जातो आणि आजूबाजूच्या विहिरींचे पाणी नाल्यात झिरपते. तरी 'नाला खोलीकरण' हा शब्द जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचला, आणि त्याच्याबरोबर भूगर्भाचा नकाशा पोहोचला नाही. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले, आणि २०२० मध्ये कॅगने म्हटले की भूजल पातळी वाढवण्याचा हेतू फारसा साधला नाही. शिरपूरचे मूल्यमापन कोणी 'कुठल्या खडकात, किती खोलीपर्यंत, कोणत्या पावसात' अशा अटींसकट लिहून पुढे पाठवले असते, तर पोकलेनचे कितीतरी डिझेल वाचले असते.

आपल्या एकत्रीकरणाकडून मला हेच हवे आहे: अटी. योजना चालली की नाही याबरोबरच, कशामुळे चालली, कोणाच्या जोरावर चालली, आणि ते बळ दुसरीकडे आहे का. जळगाव जिल्ह्यातले उदाहरण देते. हवामानाला तोंड देणाऱ्या शेतीसाठी जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ पासून पोकरा प्रकल्प आला. पहिल्या टप्प्यात पंधरा जिल्हे होते, त्यांत खान्देशातला एकटा जळगाव. ठिबक, शेडनेट, शेततळे यांना अनुदान, आणि ते थेट खात्यात. मधल्या माणसाचा हात थांबला, हे मोठेच काम झाले. पण पद्धत अशी की आधी शेतकऱ्याने खर्च करायचा, मग पावती बघून अनुदान जमा होणार. बागायती केळीवाला ठिबकचे पैसे आधी घालू शकतो. पारोळा-अमळनेरकडचा कोरडवाहू कापूसवाला तेच पैसे सावकाराकडून किंवा कृषिकेंद्रातून उधारीवर उभे करणार, नाहीतर अर्जच करणार नाही. 'लाभार्थ्यांचे उत्पन्न वाढले' या वाक्यात अर्ज न केलेला माणूस नसतो. पोकराच्या दुसऱ्या टप्प्यात जिल्हे २१ झाले आहेत. विदर्भ-मराठवाड्यातून काढलेली सरासरी घेऊन हा टप्पा चालू नये. हातात रोकड नसलेला शेतकरी कुठे अडला, ही नोंद त्यात असायला हवी.

आकडे शेजारी ठेवतानाही काळजी घ्या. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये सुरू झाले, युनिसेफ त्याच्या पाठीशी होते. २०१२ च्या राज्यव्यापी सर्वेक्षणात दोन वर्षांखालच्या मुलांतले खुजेपण ३९ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आल्याचे दिसले, आणि महाराष्ट्राची ही गोष्ट देशोदेशी सांगितली गेली. त्यानंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत पाच वर्षांखालच्या मुलांतले प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के. पहिला आकडा दोन वर्षांखालचा, दुसरे दोन पाच वर्षांखालचे. ते एका रेषेत मांडताच येत नाहीत. घाईत असलेला वाचक ते मांडतोच, आणि मग 'आधी यश, नंतर अपयश' अशी कहाणी तयार होते. त्या घाईत तिसरी गोष्ट बुडते: नंदुरबारचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी वर आहे, आधीही होते, नंतरही. राज्य सुधारल्याचा अहवाल वाचून धडगावच्या पर्यवेक्षिकेला काय उपयोग? तिला हवे आहे ते हे, की डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतला एक वेळचा चौरस आहार कोणत्या पाड्यावर गरोदर बाई अंगणवाडीत येऊन जेवते आणि कोणत्या पाड्यावर डबा घरी नेऊन सगळ्यांत वाटून खाते, आणि तसे का.

हे अवघड आहे, महाग आहे, असे आपण म्हणाल. पण आपल्यापैकीच एका संस्थेने ते एकदा केलेले आहे, आणि तेही याच डोंगरात.

सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज मंजूर केले. महाराष्ट्रातली अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांतली ३३ गावे बुडिताखाली येणार होती, मणिबेली त्यांतले पहिले. लोकांचा विरोध वाढला तेव्हा बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. ती समिती नर्मदेकाठच्या गावांत हिंडली, माणसांशी बोलली, कागद तपासले. जून १९९२ च्या तिच्या अहवालात स्पष्ट म्हटले होते की विस्थापितांची नीट पाहणीच झालेली नाही, लोकांशी सल्लामसलत झालेली नाही, आणि नावावर सातबारा नसताना पिढ्यान्‌पिढ्या नेवाडाची, म्हणजे जंगलातली, जमीन कसणारे आदिवासी हिशेबातच धरलेले नाहीत. बँकेने मागे सरून पुन्हा विचार करावा, असा सल्ला समितीने दिला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले, आणि त्याच वर्षी बँकेने तक्रारी ऐकणारे इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले.

त्याच १९९२ साली बँकेत आणखी एक अहवाल झाला, वापेनहान्स यांचा. त्यांनी बँकेचे जगभरचे प्रकल्प एकत्र तपासले आणि सांगितले की नुकत्याच मूल्यमापन झालेल्या प्रकल्पांपैकी एक तृतीयांशाहून अधिक असमाधानकारक आहेत, आणि कर्ज मंजूर करण्याच्या घाईत अंमलबजावणीकडे दुर्लक्ष होते. एक अहवाल सगळ्या प्रकल्पांचे आकडे मांडणारा, दुसरा एका खोऱ्यात जाऊन बसणारा. नुसता वापेनहान्स असता तर ती टक्केवारी झाली असती. नुसता मोर्स असता तर 'हा एक अपवाद' म्हणून बाजूला सारता आला असता. दोन्ही एकाच वर्षी टेबलावर आले म्हणून जागतिक बँकेला आपले नियम बदलावे लागले, असे माझे ठाम मत आहे. आजच्या आपल्या एकत्रीकरणात वापेनहान्स खूप आहे आणि मोर्स जवळजवळ नाही. अशा प्रत्येक मोठ्या एकत्रीकरणाबरोबर दोन-तीन ठिकाणी परत जाऊन, मूळ अहवालाने ज्यांना मोजले नाही त्यांना शोधण्यासाठी पैसे आणि वेळ राखून ठेवा. एकूण खर्चाच्या मानाने ती रक्कम मोठी नसेल.

वेळेबद्दलही बोलायला हवे. विकास सहकार्याच्या मूल्यमापनाचे सहा निकष २०१९ मध्ये सुधारून ठरले, त्यांत शेवटचा टिकाऊपणाचा. पण टिकाऊपणाची श्रेणी दिली जाते ती बहुधा प्रकल्प संपता संपता. गावची नळपाणी योजना त्या वेळी चालूच असते. पंप नवा, समिती ताजी, फलक चकचकीत. योजना बंद पडते ती दोन-तीन वर्षांनी, वीजबिल थकले म्हणजे, किंवा मोटार जळाली आणि वर्गणी कोणी देईना म्हणजे. बचतगटांचेही तसेच. आयफॅडच्या मदतीने माविमने (महिला आर्थिक विकास महामंडळाने) राबवलेल्या तेजस्विनी कार्यक्रमातून उभी राहिलेली लोकसंचालित साधन केंद्रे बघा. काही आज स्वतःच्या पायावर उभी आहेत, बँकांशी बोलणी करतात, बायकांना गुंतागुंतीचे कर्जव्यवहार समजावतात. काही नावापुरती उरली. हा फरक कशामुळे पडला हे प्रकल्पानंतर पाच-सात वर्षांनी गेलात तरच कळेल. प्रकल्पाच्या शेवटी दिलेल्या शंभर श्रेणी एकत्र करून टिकाऊपणाबद्दल निष्कर्ष काढू नका. तो निष्कर्ष अंदाजांची बेरीज असतो.

अलीकडे हजारो अहवाल यंत्राकडून वाचून घेण्याची तयारी सुरू आहे. त्याला माझा विरोध नाही. कोणता पुरावा कुठे पडला आहे हे शोधायला यंत्र उपयोगी आहे. मात्र यंत्र लिहिलेले वाचते. बंद घर, अर्ज न केलेला शेतकरी, फडावरचे मूल अहवालात लिहिलेलेच नसेल तर यंत्र कितीही हुशार असले तरी त्याला ते सापडणार नाही. आणि एकाच सल्लागार वर्गाने, एकाच साच्यात लिहिलेली वाक्ये हजार वेळा वाचून ते त्या वाक्यांनाच पुरावा समजेल. त्यामुळे यंत्र आणण्याआधी मूळ माहिती खुली करा. नावे-पत्ते काढून टाकलेली प्रश्नावलीची माहिती, कोणते प्रश्न विचारले, कोणते विचारले नाहीत, हे सगळे. आज आपल्या बहुतेक अहवालांत निष्कर्ष असतात आणि त्यामागची माहिती नसते. दोन संस्थांनी एकाच तालुक्यात पोषणाची पाहणी केली तरी एक वजनावर मोजते, दुसरी दंडाच्या घेरावर; दोन्ही एकत्र मांडता येत नाहीत. पाड्यावरची आई विचारते, "मागच्या महिन्यातबी हेच विचारलं होतं ना?" तिला उत्तर द्यायला आम्हाला लाज वाटते.

शेवटी, हे सगळे वाचणार कोण? नंदुरबारचा जिल्हा वार्षिक आराखडा जिल्हा नियोजन समितीत ठरतो. त्या बैठकीच्या आधी हातात पडेल असे मराठीतले चार पानी टिपण आपल्या कोणत्याही एकत्रित अहवालासोबत येत नाही. पेसा कायदा १९९६ चा आहे. या भागातल्या ग्रामसभेला विकासाच्या योजनांना मंजुरी देण्याचा अधिकार आहे. ज्या ग्रामसभेच्या गावातून आकडे उचलले, त्या ग्रामसभेपुढे निष्कर्ष ठेवला, लोकांनी तो बरोबर की चूक ते सांगितले, आणि त्यांचे म्हणणे अहवालात छापले, असे एकही उदाहरण मी माझ्या कामात पाहिलेले नाही. अहवालावर संस्थेच्या व्यवस्थापनाचे उत्तर छापायची पद्धत आपल्याकडे आहे. तशीच गावाचे उत्तर छापायची पद्धत सुरू करा.

आदिवासी भागातल्या पोषणावर पुढचे एकत्रीकरण हाती घ्याल तेव्हा त्याचा आराखडा काम सुरू होण्याआधी मराठीत पाठवा. धडगाव आणि मोलगी परिसरातल्या ग्रामसभांपुढे तो वाचून दाखवण्याची, पावरी-भिलोरीत समजावण्याची आणि लोकांचे म्हणणे लेखी कळवण्याची जबाबदारी इथले आम्ही पाहणीचे काम करणारे घेतो. प्रत्यक्ष पडताळणीसाठी होळीचा आठवडा धरा आणि कराराची मुदत त्याप्रमाणे ठेवा. फडांवर जायचे असेल तर डिसेंबरात या. कोणत्या गावची टोळी कुठे उतरली आहे ते आम्ही सांगू, आणि बरोबरही येऊ.

उत्तराची वाट पाहते आहे.

आपली,
सातपुड्यात पाहणीचे काम करणारी एक कार्यकर्ती
तळोदा, जि. नंदुरबार